वारा, दगड आणि ऊस : मॉरिशसची शेती सातारा-सांगलीकरांच्या नजरेतून

कोयनाकाठ (कराड)

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने मॉरिशसचा नकाशा एकदा तरी शेतीच्या अंगाने नीट पाहावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. आपल्याकडे या बेटाचे नाव निघते ते बहुधा सहलींच्या संदर्भात. प्रत्यक्षात गेली तीन-साडेतीन शतके तेथील माणसांचे जगणे समुद्रापेक्षा जमिनीने आणि वाऱ्याने अधिक घडवले आहे.

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर असलेले हे बेट अवघे १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे. सातारा जिल्ह्याचा पाचवा हिस्साही त्यात भरत नाही. समुद्रातील ज्वालामुखीने ते सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी वर आणले. मध्यभागी ३०० ते ६०० मीटर उंचीचे पठार, त्याच्या कडेने जुन्या ज्वालामुखीच्या कडांचे तुटक डोंगर, सर्वोच्च शिखर ८२८ मीटर आणि किनाऱ्याभोवती प्रवाळखडकांचे कडे, अशी त्याची ठेवण आहे. आग्नेयेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे या पठारावर चढताना थंड होतात आणि माथ्यावर पाऊस टाकतात. पठारावरच्या काही ठिकाणी वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, तर डोंगराआड गेलेल्या पश्चिम किनाऱ्यावर तो ९०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. महाबळेश्वरहून दहिवडीकडे जाताना आपण जो बदल पाहतो, तोच तेथे तासाभराच्या गाडीच्या प्रवासात दिसतो. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येत असल्याने पर्जन्यछाया पूर्वेला पडते. तेथे वारा आग्नेयेचा असल्याने ती पश्चिमेला आणि वायव्येला पडते, एवढाच दिशेचा फरक.

या वाऱ्याने शेतीच नव्हे, राजधानीची जागाही ठरवली. डच लोक प्रथम आग्नेय किनाऱ्यावर उतरले होते. ते बंदर वाऱ्याच्या थेट तोंडावर असल्याने शिडाच्या जहाजांना तेथून बाहेर पडणे अवघड जाई. पुढे फ्रेंचांचा गव्हर्नर माहे द ला बूर्दोने १७३५ मध्ये आला आणि त्याने डोंगराच्या आडोशाला असलेल्या पोर्ट लुईची उभारणी केली. आजही राजधानी तेथेच आहे.

आता मातीविषयी. आपला दख्खनचा कातळ आणि त्यांचा कातळ एकाच जातीचा, म्हणजे बेसॉल्ट. आपल्याकडे कृष्णाकाठी त्याच बेसॉल्टची काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी जमीन झाली. महाबळेश्वर-पाटणच्या अतिपावसाच्या माथ्यावर मात्र त्याचाच तांबडा जांभा झाला. मॉरिशसच्या पठारावरची माती या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. ती लाल, निचऱ्याची आणि वरची क्षारद्रव्ये धुऊन गेलेली आहे. बेटावर जेथे अलीकडच्या काळातील लाव्हा आहे, तेथे मातीपेक्षा दगडच अधिक आहे. अशा जमिनीत ऊस एवढा कसा रुजला, यावर जाणकारांनी लिहावे.

माणदेशी (म्हसवड)

धागा आवडला. आमच्या माण-खटावात चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले म्हणतात, त्यामुळे ९०० मिलिमीटरच्या भागाला कोरडा म्हटलेले वाचून प्रथम आश्चर्य वाटले. पण बाराही महिने ऊन आणि वारा असलेल्या किनाऱ्यावर ऊस घ्यायचा झाला तर तेवढा पाऊस पुरणार नाही, हे उघड आहे. मग त्या पश्चिम भागाला पाणी कोठून मिळते? एवढ्या लहान बेटावर मोठी नदी असणे शक्य नाही.

कोयनाकाठ (कराड)

माणदेशी, तुमचा प्रश्न नेमका आहे. तेथील नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. पठारावर पडलेले पाणी काही तासांत समुद्राला मिळते. म्हणून पावसाच्या माथ्यावरच पाणी अडवावे लागले. मार ओ वाकोआ हा तेथील सर्वांत मोठा जलाशय पठारावर आहे, आणि पश्चिमेच्या उसासाठी ला फर्मसारखे जलाशय व कालवे आहेत.

येथे त्यांच्या आणि आपल्या भूगोलातला एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो. त्यांच्याकडे ओला भाग उंचावर आणि कोरडा भाग खाली, त्यामुळे पाणी बहुतांशी उताराने जाते. आपल्याकडे कृष्णा खाली वाहते आणि आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव हे तहानलेले तालुके तिच्यापेक्षा उंचावर आहेत. म्हणून टेंभू, ताकारी, म्हैसाळ, जिहे-कठापूर या सगळ्या उपसा योजना झाल्या, आणि म्हणूनच आपल्याकडे पाण्याची चर्चा दरवेळी विजेच्या बिलापाशी येऊन थांबते.

गाळपहंगाम (सांगली)

साखर कारखान्यातील यंत्रांच्या कामानिमित्त मला काही काळ त्या बेटावर राहण्याची संधी मिळाली होती, म्हणून दगडांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

उसाच्या फडाच्या मध्येच दगडांचे मोठाले रचीव ढीग उभे असतात. ते नुसते टाकलेले दगड नाहीत; कडा सरळ धरून, पायऱ्या-पायऱ्यांनी रचत नेलेले, माणसाच्या उंचीच्या कितीतरी वर गेलेले ते काळे चौथरे आहेत. जवळ जाऊन पाहिले की खाली मोठे धोंडे, त्यांच्या फटीत बसवलेले लहान दगड आणि मधल्या पोकळीत भरलेली बारीक खडी दिसते. त्यावर शेवाळ चढलेले असते आणि कडेने ऊस थेट पायथ्याला भिडलेला असतो. हे सगळे दगड हातांनी वेचलेले आहेत. प्रथम गुलामांनी आणि नंतर हिंदुस्थानातून नेलेल्या करारबद्ध मजुरांनी वेचले. ट्रॅक्टर आणि बुलडोझर आल्यावर बरेच ढीग हलवले गेले, कारण तोडणीयंत्र चालवायचे तर रान मोकळे असावे लागते. तरीही पुष्कळ ठिकाणी ते अजून उभे आहेत.

या दगडांनी उसाची पद्धतही ठरवली. अशा जमिनीत नवी लागण करणे फार खर्चाचे असल्यामुळे तेथे एका लागणीवर सात-आठ खोडवे (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाची पिके) घेणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. आपल्याकडे आडसाली, म्हणजे सुमारे दीड वर्षाची लागण, मग खोडवा आणि फार तर निडवा, म्हणजे दुसरा खोडवा. त्यापुढे उत्पादन घटते म्हणून आपण ऊस मोडतो. तेथे तोडणीच्या वेळी बुडख्याला अगदी जमिनीलगत कोयता लावण्यावर फार कटाक्ष असतो, कारण पुढच्या अनेक वर्षांचे फुटवे त्या एका कापावर अवलंबून असतात.

हंगामाचेही तसेच. आपला गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्चच्या आसपास संपतो. त्यांचा जूनमध्ये सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. दक्षिण गोलार्धातला हिवाळा त्याच काळात येतो, थंड आणि तुलनेने कोरड्या हवेत उसात साखर भरते, आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ भरात येण्याआधी बराचसा ऊस कारखान्यात गेलेला असतो.

वाळव्याची_लेक (इस्लामपूर)

सर्वांची माहिती मोलाची आहे, पण मला एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. भूगोलाने सगळे ठरवले असे म्हटले की ज्यांनी निर्णय घेतले ते नामानिराळे राहतात. ऊस त्या बेटावर आपण होऊन उगवला नाही. डचांनी तो १६३९ मध्ये जावाहून आणला. त्यांनी बेट सोडल्यावर फ्रेंच आले. त्यांनी कॉफी, कापूस, नीळ, लवंग असे बरेच काही करून पाहिले. ब्रिटिशांनी १८१० मध्ये बेट जिंकले, आणि १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील आयातकर वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच केला. त्यानंतर उसाने बाकी सर्व पिकांना बाजूला सारले. हा लंडनमध्ये झालेला निर्णय होता. त्यात वाऱ्याचा आणि पावसाचा काही संबंध नव्हता.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. त्यासाठी १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास पाच लाख हिंदुस्थानी माणसे पोर्ट लुईच्या बंदरात उतरवली गेली. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या लोकांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते, मुख्यतः कोकणातले. त्यांच्या वंशजांनी तेथे देवळे बांधली, शाळांत मराठी शिकवणे चालू ठेवले, आणि गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते. एखाद्या पिकापायी माणसांची आणि भाषांची एवढी उलथापालथ होते, तेव्हा त्याचे श्रेय किंवा दोष केवळ ज्वालामुखीला देऊन चालणार नाही.

कोयनाकाठ (कराड)

ताई, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि त्याची भर पडल्याने धागा अधिक खरा झाला. जमीन कोणाच्या मालकीची, मजूर कोण आणि बाजार कोठला, हे भूगोल ठरवत नाही. मात्र १८२५ चा तो निर्णय तेथे एवढा का टिकला, याचे उत्तर शोधताना पुन्हा वाऱ्याकडेच यावे लागते. या वेळी चक्रीवादळाच्या वाऱ्याकडे.

कॉफी आणि लवंग ही झाडे आहेत. ती लावून अनेक वर्षे वाट पाहावी लागते, आणि एका वादळात झाड उन्मळले की ती सगळी वर्षे वाया जातात. ऊस हे गवत आहे. वादळात तो आडवा पडतो, पाने फाटतात, त्या वर्षीचा साखरेचा उतारा घसरतो, पण मुळे जमिनीत घट्ट राहतात आणि बुडखा पुन्हा फुटतो. दोन शतके वादळे सोसून मळेवाल्यांना आणि मजुरांनाही हे पुरते कळले होते. आपल्या महापुरात ऊस आठ-आठ दिवस पाण्याखाली राहिला तर शेंडा कुजून तो वाळतो, म्हणून २००५ आणि २०१९ नंतर आपल्याला उसाचा हा चिवटपणा सहज पटणार नाही. परंतु वाऱ्यापुढे तो खरोखर टिकतो.

वादळाने घरेही बदलली. १९६० मध्ये जानेवारीत अॅलिक्स आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कॅरोल, अशी दोन मोठी वादळे लागोपाठ आली आणि गवती छपरांची व पत्र्यांची हजारो घरे उडाली. त्यानंतर सरकारने सिमेंट-काँक्रीटच्या लहान घरांच्या वसाहती बांधल्या, लोकांनीही काँक्रीटचाच स्लॅब टाकण्याचा आग्रह धरला, आणि आज गावेच्या गावे सपाट छपरांची दिसतात. वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग आहेत; तिसऱ्या वर्गाचा इशारा लागला की कचेऱ्या आणि बससेवा बंद होतात आणि माणसे घरात बसतात. उन्हाळ्यातला दिनक्रम त्या आकड्यावर चालतो.

वस्ती पठारावर का सरकली, हेही सांगण्यासारखे आहे. १८६७ च्या सुमारास किनारपट्टीवर मलेरियाची भयंकर साथ आली आणि पोर्ट लुईत माणसे मोठ्या संख्येने मेली. ज्यांना शक्य होते ते थंड, उंच पठारावर गेले. त्याच काळात, १८६४-६५ मध्ये, रेल्वे सुरू झाली होती. त्यामुळे बो बासें, रोझ हिल, कात्र बोर्न, फिनिक्स, क्यूरपीप अशी गावांची ओळ रुळाच्या कडेने चढत गेली. रेल्वे कधीच बंद झाली, पण बेटाची दाट वस्ती आजही त्याच ओळीत आहे. क्यूरपीपच्या पलीकडे, दमट आणि ढगाळ हवेत, चहाचे मळे आहेत. त्याच पठारावर ज्वालामुखीच्या मुखात साठलेले तळे आहे, ज्याला तेथील हिंदू गंगा तलाव मानतात. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक चालत त्याच्याकडे जातात.

शिवारफेरी (वाई)

एवढी सगळी जमीन उसाखाली, तर लोक खातात काय? आमच्याकडे कृष्णेच्या वरच्या अंगाला ऊस वाढला तरी हळद आहे, ज्वारी आहे, घेवडा आहे. बेटावर तर शेजारच्या तालुक्यातून धान्य आणण्याचीही सोय नाही.

गाळपहंगाम (सांगली)

तांदूळ आणि गहू जवळजवळ पूर्णपणे जहाजाने येतो. एकंदर अन्नाचा विचार केला तर सुमारे तीन-चतुर्थांश बाहेरून येते. तेथे रस्त्यावर सर्वांत जास्त खपणारा पदार्थ म्हणजे ढोलपुरी. आपल्या पुरणपोळीसारखीच पातळ पोळी, पण आत वाटलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचे तिखटा-मिठाचे सारण. ती घेवड्याच्या रश्शाबरोबर आणि चटणीबरोबर गुंडाळून देतात. त्यातले पीठ आणि डाळ दोन्ही बंदरातूनच येतात. भाजीपाला मात्र पुष्कळसा बेटावर होतो, आणि वादळ झाले की पहिल्याच आठवड्यात टोमॅटो आणि पालेभाजीचे भाव चढतात.

यावर त्यांनी एक चांगला उपाय शोधला, तो आपल्या शेतकऱ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. उसाच्या लागणीनंतर किंवा तोडणीनंतर सरींमधली जागा दोन-तीन महिने मोकळी असते, तेथे ते बटाटा घेतात. ऊस दाटेपर्यंत बटाटा निघून गेलेला असतो. आपल्याकडे आडसालीत भुईमूग, सोयाबीन किंवा कांदा घेणारे शेतकरी हेच करतात. फरक इतकाच की तेथे देशाच्या बटाट्याची गरज डोळ्यांसमोर ठेवून संशोधन संस्थेने ही पद्धत रुजवली, आणि आपल्याकडे ती ज्याच्या-त्याच्या हौसेवर राहिली.

बगॅसचेही, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चिपाडाचेही, सांगतो. बेटावर कोळसा नाही, तेल नाही. त्यामुळे चिपाडावर वीज करून ती सार्वजनिक जाळ्यात देण्याची सुरुवात तेथे १९५७ मध्येच झाली. आपल्या कारखान्यांत सहवीजनिर्मिती बऱ्याच नंतर आली. हंगाम संपल्यावर त्याच केंद्रांत आयात केलेला कोळसा जाळला जातो, ही त्या व्यवस्थेची उणी बाजू आहे आणि तेथील लोकही ती बोलून दाखवतात.

मिरजपूर्व (आरग)

क्षारपडीचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो. आमच्या भागात आणि वाळव्यात, कृष्णाकाठच्या सपाट काळ्या जमिनीत उसाला बेसुमार पाणी दिल्याने एके काळची उत्तम राने पांढरी पडली आहेत. मॉरिशसमध्ये दोन शतके ऊस आहे, तरी तेथे ही अडचण आपल्याएवढी का नाही, याचे उत्तर वरच्या चर्चेतच आहे असे मला वाटते. जमीन उताराची, माती निचऱ्याची, खाली फुटका लाव्हा. पाणी साचून वर क्षार आणायला जागाच नाही. ज्या दगडांनी तेथल्या मजुरांचे हात सोलून काढले, त्यांच्या खालच्या भेगांनीच रान वाचवले. आमच्याकडे निचरा निसर्गाने दिलेला नाही, तो सच्छिद्र पाईप गाडून विकत घ्यावा लागतो. म्हणून त्यांची पद्धत पाहून कोणी आमच्या रानात तसेच पाणी सोडू नये.

माणदेशी (म्हसवड)

याच देशाचे रॉड्रिग्ज नावाचे दुसरे बेट आहे, त्याविषयी कोणी लिहील का? ते कोरडे आहे एवढेच मी वाचले आहे.

कोयनाकाठ (कराड)

रॉड्रिग्ज मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ६०० किलोमीटरवर आहे आणि आकाराने १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे तुमच्या तालुक्याचा लहानसा कोपरा. पाऊस कमी आणि बेभरवशाचा, उतार तीव्र, वरची माती बरीच वाहून गेलेली; त्यामुळे उसाचे मळे तेथे उभे राहिले नाहीत. लोक मका, घेवडा, कांदा, लिंबू, मिरची करतात, शेळ्या-गुरे पाळतात आणि त्यातले काही मॉरिशसला पाठवतात. उतारावर दगडी ताली घालून माती अडवण्याचे काम तेथेही झाले आहे. ते पाहिले तर तुम्हाला तुमचेच रान आठवेल.

या बेटाभोवती उथळ लगून, म्हणजे प्रवाळखडकांच्या आतले समुद्राचे पाणी, आहे, आणि ते बेटाच्या दुपटीहून मोठे, सुमारे २४० चौरस किलोमीटरचे आहे. ओहोटीला बायका हातात भाला घेऊन त्यात चालत जातात आणि खडकांच्या कपारीतले ऑक्टोपस टिपतात. पकड घटू लागल्यावर २०१२ पासून ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ऑक्टोपस पकडण्यास बंदी घालण्यात आली. बंदीच्या काळात त्या कुटुंबांना दुसरी कामे देण्यात आली, आणि नंतर मोठ्या आकाराचे ऑक्टोपस मिळू लागले. पाण्याच्या वाटपावर आपल्याकडे एकमत होणे किती कठीण आहे हे आपण जाणतो; म्हणून लहान बेटावरच्या माणसांनी स्वतःचे उत्पन्न काही महिने थांबवणे मान्य केले, याचे मला फार मोल वाटते.

वाळव्याची_लेक (इस्लामपूर)

शेवटी एक प्रश्न. मॉरिशसमध्ये जो लहान शेतकरी आहे, ज्याच्या पणजोबांनी ते दगड वेचले, त्याचे आज काय झाले आहे? आमच्याकडे एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा ठरलेला किमान भाव) थकली तरी ऊस सोडवत नाही, कारण दुसऱ्या पिकाला भावाची एवढीही हमी नसते.

गाळपहंगाम (सांगली)

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साखरेचे भाव पडले, तेव्हा मोठ्या मळ्यांनी आपल्या कडेच्या, दगडाळ, दूरच्या जमिनी तुकडे करून विकल्या आणि करार संपलेल्या मजुरांनी साठवलेल्या पैशांतून त्या घेतल्या. तेथला लहान ऊस उत्पादक अशा रीतीने जन्माला आला. म्हणजे चांगली राने मळ्यांकडेच राहिली. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीचा जवळजवळ सगळा भाग साखरेचाच होता. १९७५ पासून युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या, चढ्या भावाने घेण्याची हमी दिली आणि त्या पैशांतून बेटाने कापड उद्योग आणि पर्यटन उभे केले. पुढे २००६ ते २००९ या काळात युरोपने तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि हमीही संपली.

मोठ्या कंपन्यांनी दगड काढून यंत्रे आणली, खास प्रकारच्या तपकिरी साखरा केल्या, वीज विकली आणि किनाऱ्याजवळच्या जमिनींवर बंगले बांधले. लहान शेतकऱ्याच्या उताराच्या आणि दगडाच्या तुकड्यात यंत्र जात नाही, तोडणीला माणूस मिळत नाही, आणि मुले हॉटेलांत किंवा कचेरीत कामाला गेली आहेत. त्यामुळे अनेकांनी ऊस करणेच सोडले. मी होतो त्या भागात दोन चांगल्या फडांच्या मध्ये एखादे रान झुडपांनी भरलेले दिसे, आणि मधला दगडांचा ढीग तेवढा वर दिसत राही. सरकार लहान शेतकऱ्यांचे तुकडे एकत्र करून दगड काढून देण्याच्या योजना राबवते आणि बगॅसचाही मोबदला आता टनामागे दिला जातो. आपल्याकडे चिपाडाच्या विजेचा वाटा ऊस घालणाऱ्याला स्वतंत्रपणे मिळावा, अशी मागणी करणाऱ्यांनी ती व्यवस्था अवश्य अभ्यासावी.